रणगर्जना आणि तिचं उत्तर

४ नोव्हेंबर
आवाज आजही नाही. गळ्यातली गाठ निघाली, जीव वाचला, देवाचे आणि डॉक्टरांचे आभार. पण गाठीबरोबर आवाजही गेला. पस्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बोलून पोट भरलं, आणि आता दूधवाल्यालासुद्धा चिठ्ठी!

आवाजाचे व्यायाम शिकवणारी राखी, वय जेमतेम पंचवीस, म्हणते, "आजी, भिंत ढकला आणि पोटातून ओरडा. एखादी रणगर्जना निवडा." आजी कोणाची? सहा आठवड्यांत आवाज आला नाही तर पुन्हा ऑपरेशन, हेही तिने हसतहसतच सांगितलं.

५ नोव्हेंबर
शब्दकोश काढला. रणगर्जना – शत्रूला धडकी भरावी म्हणून योद्ध्यांनी केलेली आरोळी. इथे शत्रू कोण? माझाच गळा. भिंत ढकलली. नुसती फुस्स हवा.

कॉन्व्हेंटात सिस्टर बर्नाडेट म्हणायच्या, मुलीचा आवाज शेजारच्या बाकापर्यंत पोचला की पुरे. साठ वर्षं पाळलं. आता जाब कोणाला विचारू?

९ नोव्हेंबर
भागीबाई पेठ तालुक्याकडची. सात वर्षं माझ्याकडे कामाला आहे. रोज सकाळी सातला फाटकातून आरोळी ठोकते, "ओ मॅडम, आले वोऽ!" बेल आहे, मोबाइल आहे – कितीदा झापलं तिला. महिन्यापूर्वी आवाज गेल्यापासून मी उत्तरादाखल गॅलरीत थाळी वाजवते. तरी बाई लिफ्टची वाट न बघता तीन जिने धावत चढते.

आज कुजबुजत विचारलं, का धावतेस? थाळी ऐकू येत नाही?

"थाळीचा काय भरवसा? थाळी कोणीबी वाजवील."

मग तिला शब्दकोशातला अर्थ सांगितला. भांडी घासता घासता हसली. "शत्रूसाठी नाय वो मॅडम. रानात गवत कापताना आम्ही आरोळ्या देतो. बिबट्या पळतो तो पळतो. पण पुढची बाई हाय का नाय, ते मागचीला कळतं. उत्तर नाय आलं का इळा टाकून पळायचं तिच्याकडं."

म्हणजे महिनाभर ही माझ्याकडे तशी पळत येते आहे. आणि त्या आरोळीसाठी मी तिला इतकी वर्षं झापत होते.

शब्दकोशात समासात पेन्सिलीने लिहिलं – अर्थ अपुरा.

२१ नोव्हेंबर
फुस्स.

६ डिसेंबर
भिंतीला हाताचे डाग पडले. भागीबाईने न सांगता पुसले. आभार मानायलाही आवाज लागतो.

१४ डिसेंबर
सात वाजले. आरोळी नाही. साडेसात. तिचा फोन बंद. गॅलरीत गेले, कठडा दोन्ही हातांनी दाबला आणि – "भागीऽऽ!" कावळे उडाले. समोरच्या इमारतीतले तिघे बाहेर आले.

फाटकाबाहेरच्या ओट्यावरून उत्तर आलं, "हाय वोऽ!"

सातपासून तिथेच बसली होती, लबाड. दुपारपर्यंत बसायचं ठरवून आली होती – फडक्यात भाकर बांधून.

झापलं तिला. मोठ्याने.