पूजाच्या डोक्यावरचा पांढरा रुमाल

२८ मार्च, शुक्र.
सकाळी पूजाचा फोन. नात माझी, किरगिस्तानात डॉक्टरकी शिकती, तिसरं वरीस. होस्टेलचं खाणं सोसंना म्हणून दिवाळीपासून एका मुसलमानाच्या घरी खोली घेऊन ऱ्हाती. तिचा बाप, म्हंजी माझा दत्ता, तवाच म्हणला हुता, "काई कमीजास्त कानावर आलं की पोरगी तिसगावात आणून बसवीन." अजून त्याच तालात हाय. मला ते घर आवडतं. त्यांची म्हातारी सोन्याचे दात दाखवत हसती, पूजाला पोटाशी धरती. रविवारी आपला पाडवा, त्यांची ईद. मी म्हणलं, सणाचं नुसतं जेवायला बसू नये, आंघोळ करून म्हातारीच्या पाया पड. पूजा म्हणली, "इथं तसं करतात का माहीत नाही गं." म्हणलं, म्हातारं मानूस कुठलंबी असू दे, त्याला आवडतंच.
साखरगाठी आणायची ऱ्हायली.

३० मार्च, रवि., पाडवा
गुडी उभारली. व्हिडिओवर त्यांचा सण बघितला. तळलेली फुगीर कणकेची बोरं, ती बी ताटात न्हाई, सगळ्या चादरीवर वतलेली. रीतच तशी म्हणे. मटन घोड्याचं. मी ऐकून न ऐकल्यावानी केलं. पूजा बटाटं खाती.
मग पोरगी उठली, वाकून म्हातारीच्या पाया पडली. मला लई भरून आलं. पन सगळी एकमेकांकडं बघाय लागली. मग एक बाई ओरडली, टाळ्याच टाळ्या. म्हातारी डोळं पुशीत उठली, पेटीतनं पांढराशिप्पट रुमाल काढून पूजाच्या डोक्याला बांधला. पूजानं एक फोटू धाडला, अन् फोन बंद.
सणाचं पांढरं? आमच्यात पांढरं कवा घालत्यात… दोनदा फोन लावला, लागंना.

३१, सोम.
आपल्याकडं ईद आज. शेजारच्या चांदबीकडं गेले. लग्न होऊन आले तवापास्नं दर ईदीला जाते. रुमालाचं इचारलं तर म्हणली, "आमच्यात पाया पडत न्हाईत आक्का, सलाम करत्यात. पन तिकडच्या रुमालाचं मला काय ठावं? मी भिंगारच्या पल्याड गेलेय का कवा? शिरखुर्मा खावा, गार होतोय." दोन वाट्या खाल्ल्या. काळजीनं मला भूक लागती.
सांजच्याला पूजाचा फोन. आधी हसली, मग सांगितलं. तिकडं असं वाकायचं ते नव्या नवरीनं, सासरच्या म्हाताऱ्यांपुढं. अन् पांढरा रुमाल सासू बांधती सुनंला. म्हातारीला लग्नाचा नातू हाय, अजमत. गाड्या दुरुस्त करतो.
"मस्करी असंल," मी म्हणलं.
"मलाही वाटलं. पण आज सगळ्या गल्लीला सून मिळाली म्हणून सांगून आली."
"मग दे की काढून त्यो रुमाल."
"काढून दिला की घराला नाही म्हटल्यासारखं होतं, आजी. रडेल ती."
पाया पड म्हणणारी मी. पोरीनं नुसतं ऐकलं.

३ एप्रिल, गुरु.
दत्ता म्हणतो, "आई, पाडव्याचा पूजाचा फोटो दाव की." म्हणलं मोबाईल बिघाडला. बरा हाय मोबाईल. पांढरं डोकं बघितलं की इचारणार, अन् मला त्याच्यापुढं खोटं टिकत न्हाई. शिक्षान ऱ्हाईल अर्धं.
दु. त्यो शेताकडं गेल्यावर मीच फोन लावला. म्हणलं, दे म्हातारीला. मी सगळं सांगितलं, बाई, लेकरू हाय, शिकायला आलंय, चूक माझी. तिला मराठी कुठनं कळावं. तिनं बी लई येळ सांगितलं, मला काई कळंना. पन बोलती गोड. शेवटी तिनं छातीला हात लावून मान झुकवली. मोठं मानूस झुकतंय म्हणल्यावर मी काय ताठ बसू? पदर डोक्यावर घेतला, हात जोडून वाकले.
म्हातारीनं मोबाईलचा मुका घेतला. घरभर हाका मारत सुटली.
पूजा म्हणली, "काय केलंस आजी? ती तुला विहीण म्हणतीय."
आता मी काय करू. हितनं तिकडं पळत जाऊन तिला समजावू का? हसू बी येतंय मेलं.
म्हणलं, "पूजे, खरं सांग. तुझ्या मनात काय हाय?"
"पेपर झाल्यावर बोलू."
न्हाई म्हणली न्हाई पोरगी. मी परत इचारलं न्हाई. दत्ताची गाडी वाजली दारात.