दोन परिच्छेदांच्या मधलं

९ नोव्हेंबर, रविवार

बोलायला बंदी नाही, पण बोलून उपयोगही नाही. थायरॉइडची गाठ निघाली ती साधीच, सगळ्यांनी पेढे खाल्ले, आणि माझा आवाज मात्र ऑपरेशनच्या टेबलावरच राहिला. तोंड उघडलं की पंक्चर ट्यूबमधून निघावी तशी हवा. डॉ. म्हणतात डाव्या बाजूची नस दुखावलीय, म्हणून एक स्वरतंतू हलत नाही, नुसता पडून आहे. परत येईल? "बऱ्याचदा येतो. काही महिने वाट बघायची. नाहीच आला तर पुण्याला एक ऑपरेशन होतं. बोलणं सुधारतं त्यानं."

आणि गाणं? ह्यावर त्यांनी चष्मा पुसला.

पाणी पिताना हनुवटी छातीला लावायची, नाहीतर ठसका. चाळिशी ओलांडल्यावर पाणी प्यायला शिकतेय.

क्लास बंद. सिडकोतल्या ह्या हॉलमध्ये इतकी वर्षं पोरींचा सा लागायचा, आता फ्रिज ऐकू येतो. तो पेटीच्या काळी दोनच्या जरा खाली लागतो.

१२ नोव्हें., बुधवार

मोबाइलवर थोरामोठ्यांची वचनं येऊन पडतायत. मावसबहिणी, पालक, सोसायटीच्या ग्रुपवरचे काका. उगवता सूर्य, खाली वाक्य, त्याखाली हात जोडलेले. रागवायला आवाज नाही, म्हणून अंगठा दाखवते.

अविनं कंपनीतून येताना शेंद्र्याच्या चौकातून एक पुस्तक आणलं. संकटावर मात केलेल्या कलावंतांची आणि विचारवंतांची चरित्रं. बिचाऱ्याला काय करावं कळत नाहीये. नवरा माणूस, दुसरं काय आणणार.

१५ नोव्हें.

पुस्तक वाचलं. एक गोष्ट लक्षात आली. प्रत्येकाचं संकट एकाच परिच्छेदात संपतं. डोळे गेले, हात गेला, तुरुंगात टाकलं. "परंतु त्यांनी जिद्द सोडली नाही." पुढच्या परिच्छेदात सत्कार.

मधे काय झालं? ते "परंतु" किती दिवस चाललं? मंगळवारी सकाळी उठून त्या माणसानं नेमकं काय केलं? चहा प्यायला का? कुणावर खेकसला का?

हे कुणी लिहीतच नाही. मला तेवढंच पाहिजे.

१९ नोव्हें.

निसार सर आठवले. कॉलेजात असताना त्यांचं प्रदर्शन बघितलं होतं, लेण्यांतल्या अंधाराची चित्रं. नुसता अंधार, पण त्यात दगड थंड लागायचा. मागं पेपरात आलं होतं, डोळ्यांचे पडदे खराब झालेत, तरी रंगवतात.

"तरी" ह्या शब्दावर अडकले. जाऊन विचारावं काय?

अवि माझ्या लिहून बोलायच्या पाटीवरचं वाचून म्हणाला, "ओळख ना पाळख. काय विचारणार?" मी लिहिलं : मधलं.

२२ नोव्हें., शनिवार

गेले. छावणीत, बाजाराच्या मागं, निळ्या दाराचं घर. दार त्यांच्या मोठ्या बहिणीनं उघडलं, सगळे त्यांना आपाच म्हणतात. सर आत खुर्चीवर. उंच, हाडकुळे, मान एका बाजूला वळवलेली. समोर बघितलं तर त्यांना समोरचं दिसत नाही. नजरेच्या मधोमध भोक, कडेकडेनं दिसतं. त्यामुळं माझ्याशी बोलताना ते कपाटाकडं बघत होते.

आणि मी बोलू शकत नाही. पाटीवर लिहिलं तर ते वाचू शकत नाहीत. दोघं बसून राहिलो. मग आपा पाटी घेऊन वाचायला बसल्या. मी लिहिलं होतं, "तुम्ही परत चित्रं कशी सुरू केली?" आपांनी वाचलं, "ह्या बाई विचारतात तुम्ही जेवता का वेळेवर."

"आपा, असं लिहिलंय?"

"असंच म्हणायचं असेल तिला. चांगल्या घरची दिसते."

हसताना माझ्या घशातून जो आवाज आला तो ऐकून सरांची मान झटकन वळली. "क्या हुआ तुमच्या गळ्याला?"

मग फुसफुसत सांगितलं. फुसफुसायचं नसतं, थेरपीवाल्या बाई ओरडतील. पण सांगितलं. गात होते म्हणून सांगितलं. सहानुभूती वगैरे काही नाही. म्हणाले, "मधलं पाहिजे व्हय तुम्हाला? लिहून घ्या. एक साल काय बी नाय केलं. भजे खाल्ले. रेडिओवर मॅच ऐकली. आपाशी भांडलो."

आपा : "रोज."

निराश होऊन आले का? नाही. उलट हलकं वाटतंय. पुस्तकात भजी नव्हती.

२९ नोव्हें.

परत गेले. आज आपांनी खारी दिली आणि स्वतःच्या मनाचं वाचायचं बंद केलं, बऱ्यापैकी.

सरांनी मधल्यातली खरी गोष्ट सांगितली. ते भोक काळं नसतं म्हणे. आधी धुकट, राखाडी. मग एक दिवस त्यात विटा दिसायला लागल्या. बारीक बारीक विटांची भिंत, सगळीकडं त्यांच्या आधी जाऊन उभी राहायची. कधी हिरवी जाळी, मकबऱ्यात असते तशी दगडी, पण हिरवी. सरांना वाटलं डोकं फिरलं. कुणाला सांगितलं नाही, आपालासुद्धा नाही. नमाजाला उभं राहिलं तरी जाळी. शेवटी डोळ्याच्या डॉक्टरपाशी रडले. डॉक्टर म्हणाले, हे वेड नाही, डोळ्याकडून काही येईना झालं की मेंदू रिकामी जागा स्वतःच भरतो.

"तवा मी काय म्हणलो ठाऊक हाय? म्हणलो, अरे, म्हणजे मेंदू बी पेंटर हाय! मला न विचारता काढतो. बघू तरी काय काढतो."

आणि घरी येऊन ती जाळी काढायला बसले. दाखवली चित्रं. कडेला खरी छावणी : दुकानाची पाटी, सायकलचं चाक, आपांच्या ओढणीचं टोक. मधोमध हिरवी जाळी. दुःखी नाहीत चित्रं. विचित्र आहेत. एकासमोरून हलवेना मला.

"भीती गेली?" मी फुसफुसले.

"नाय. भीती बाजूला बसून राहते. पण बघायला लागलं की तिला जागा कमी पडते."

१ डिसें., सोमवार

सकाळी अवि गेल्यावर तानपुरा लावला, मोबाइलवरचा. ऑपरेशननंतर पहिल्यांदा. ठरवलं, गायचं नाही, बघायचं. काय काढतो माझा गळा मला न विचारता?

मधला सा : नुसती हवा. पंचम : हवा. खाली, अगदी खाली खर्जात गेले तर एक जाडसर, खरखरीत काहीतरी लागलं. जात्यासारखं. माझं नाही ते. पण लागलं.

मग वर जाताना एका जागी सुराचे दोन झाले. एकाच वेळी दोन आवाज, माझ्याच तोंडातून, एकमेकांना घासत. अंगावर काटा आला. बंद केलं. भांडी घासली. परत येऊन तीच जागा शोधली. सापडली. सूर मोजायचं ॲप लावलं तर त्याचा काटा बावरून दोन्हीकडं पळत होता.

डॉ.ना विचारायचं. (विचारलं, मेसेज करून. एक तंतू ताणलेला, एक सैल, दोघं वेगळे थरथरतात. "काळजी करू नका." काळजी नाही हो, मला कळून घ्यायचंय.)

७ डिसें.

अविशी भांडण. म्हणजे तो बोलला, मी पाटीवर. लिहून भांडता येत नाही, राग अक्षरांत मावत नाही आणि समोरचा वाचेपर्यंत थंड होतो.

त्याचं म्हणणं, पुण्याच्या डॉक्टरांची वेळ घेऊ. थांबायचं कशाला? मी लिहिलं, नस परत येऊ शकते, तंतूला बाहेरून आधार बसवल्यावर गाण्याचं काय होईल कुणी सांगत नाही. तो म्हणाला, "तू त्या म्हाताऱ्याकडं जाऊन जाऊन आजारपणात रमायला लागलीस."

लागलं. खरं असेल का?

मग हळूच म्हणाला, "गाण्याचं मला कळत नाही विद्या. मला नुसती हाक पाहिजे. तू आतून 'अवि' म्हणून ओरडायचीस ना, तेवढी."

पाटी पुसून टाकली.

१४ डिसें.

आपांचा फोन. सरांच्या बऱ्या डोळ्यात रक्त उतरलं. कडेचंही गेलं बरंचसं. इंजेक्शन दिलंय. भिंतीकडं तोंड करून पडलेत, जेवत नाहीत.

गेले. खोलीत टर्पेंटाइनचा वास नव्हता, तेच आधी जाणवलं. खुर्ची ओढून बसले. मग मला वाटलं तेच विचारावं जे ते स्वतःला विचारायचे. वाकून म्हटलं, "सर, आज भोकात काय आहे?"

"बाहेर जा."

माझं फुसफुसणं त्यांना ऐकू नाही आलं असं वाटून परत विचारणार होते.

"जा म्हणतो ना! मी तुमचा तमाशा नाय."

आपा दारापर्यंत आल्या. पाठीवर हात ठेवला. रिक्षात बसल्यावर कळलं, हे तेच. मी मधलं मधलं म्हणत होते ते हे. ते बघायला कुणाला बोलावत नसतात. आणि मी चौकशा करत आत शिरले होते.

२१ डिसें.

फोन नाही केला. करून बोलणार तरी कशानं.

केतकीची आई आली होती. केतकी माझी सगळ्यात पुढची विद्यार्थिनी, बारावीला आहे. तिची परीक्षा आहे गाण्याची, दुसरीकडं जायला तयार नाही म्हणे. "बाई नुसत्या समोर बसल्या तरी चालतील."

नुसतं समोर बसून काय शिकवणार? पण बघू.

२७ डिसें., शनिवार

केतकी तिसऱ्यांदा आली आज. यमन. पूर्वी तिची जागा चुकली की मी गाऊन दाखवायची, ती तशीच म्हणायची, झालं. आता दाखवता येत नाही. हातानं आकार काढते हवेत, भुवई वर करते, मान हलवते. तीव्र मध्यमावर ती सारखी अडखळत होती. मी पाटीवर लिहिलं : इथून निषादाकडं कसं जावंसं वाटतं तुला?

ती घाबरली. "मला? तुम्ही सांगा ना बाई."

मी खांदे उडवले. मला खरंच माहीत नव्हतं तिला कसं वाटतं.

डोळे मिटून गेली. आणि जी वाट तिनं धरली ती मी जन्मात घेतली नसती. कच्ची होती, मधे पाय घसरला, पण तिची होती. आतल्या खोलीत अवि इस्त्री करत होता, त्याला गाण्याचं कळत नाही, तो बाहेर येऊन उभा राहिला.

ही पोरगी अशी गाते हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं समोर बसते.

१० जाने.

सरांचाच फोन. "तुमच्यावर ओरडलो." एवढंच. माफी नाही, खुलासा नाही. मग, "या कधी. आपाला तुमची याद येते." मागून आपा : "ह्यालाच येते!"

१७ जाने.

छावणी. खोलीभर जमिनीवर कागद पसरलेला. सर गुडघ्यावर, हातानंच रंग लावत होते. कोपरापर्यंत गेरू. आपा डबे देतात रंगाचं नाव सांगून आणि नाव चुकतं तेव्हा भांडण होतं. विटा गेल्या म्हणे. जाळीही गेली. आता फक्त उजेड कमी-जास्त होतो. चित्र कसं होतंय? खरं सांगायचं तर मला कळलं नाही. चांगलं आहे का, माहीत नाही. त्यांनाही माहीत नाही. "बरं हाय का वाईट हाय, दिसतंय कुणाला?" असं म्हणून स्वतःच हसले, मग एकदम थांबले. दोन्ही खरं होतं, हसणं आणि थांबणं.

हात धुताना म्हणाले, "तुमचं जुनं गाणं हाय का फोनमधी? ऐकवा."

ऑपरेशनपासून मी ते उघडलं नव्हतं. लावलं. गेल्या दिवाळी पहाटेचा भूप. स्वच्छ, भरलेला, वरचा षड्ज सरळ जाऊन बसलेला. आपा डोळे पुसत होत्या. सर मान वळवून शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"लई चांगलं गाते," म्हणाले. "पण ह्या बाईला मी वळखत नाय."

मी फोन बंद करून पिशवीत ठेवला.

"मी तुमाला भेटलो ते हे असं, खरखर. मला हेच ठाऊक. हिच्यासारखं परत झालं तर मला नव्यानं वळख करावी लागंल."

रिक्षात बसून रडले. वाईट वाटून का कशानं, सांगता येत नाही.

२५ जाने.

अविला म्हटलं, पुण्याला जाऊन नुसतं विचारून येऊ. हो म्हणायचं का नाही ते तिथं ठरवणार नाही. तो म्हणाला बरं. मग म्हणाला, केतकीचं ते गाणं परत कधी आहे?

त्याआधी इथल्या डॉ.ना दाखवायचं. मंगळवारी.

२७ जाने., मंगळवार

सकाळी चहा घेतला. अविवर खेकसले, फाइल कुठं ठेवली म्हणून. आवाज फाटका, पण खेकसणं पोचलं. तो जिन्यात उभा राहून खुळ्यासारखा हसत होता.

दवाखान्यात नाकातून ती नळी. डॉ.ना खुणेनं सांगितलं, पडदा माझ्याकडं फिरवा. पहिल्यांदा बघितलं. गुलाबी, ओली गुहा, तिच्या तळाशी दोन पांढऱ्या फिती. एवढ्याशा! ह्यांच्यावर माझं सगळं उभं होतं?

"ई म्हणा."

म्हटलं. उजवी फीत झपकन आली. डावी तिथंच. का जराशी... टोकाला काहीतरी सरकल्यासारखं.

"हलली का?" मी विचारलं.

डॉ. पुढं वाकले. "सांगता येत नाही. नुसती शेजारच्या फितीच्या धक्क्यानंही हलते कधी कधी. परत म्हणा."

मी पडद्यावरची नजर न काढता परत म्हटलं.