आंतरराष्ट्रीय सही

३ मार्च, सोमवार

नवा देश, नवी वही. आजपासून रोज लिहायचं. मोजकं आणि खरं.

मी लिफ्टची तपासणी करणारा माणूस. वरच्या मजल्यावर लिफ्टच्या टपावर उभा राहून दोर तपासतो, खाली सगळा काळोख असतो. तेव्हा भीती हा प्रकार मला माहीत नाही, हे आधीच नोंदवून ठेवतो.

ऑफिसातला पहिला दिवस झकास. अकाउंट्सवाला म्हणाला, इथल्या बँकेत खातं उघडा, तोवर पगार काढता येणार नाही. म्हटलं, उद्या उघडतो. तो म्हणाला, इतकी घाई नाही. म्हटलं, छे, उद्याच.

संध्याकाळी फ्लॅटचा एजंट भेटला. दोन खोल्या, छोटी बाल्कनी, समोरच शाळा. त्याचंही तेच, डिपॉझिटचे पैसे मी आणलेत, पण रोख नको, इथल्या खात्यातूनच हवेत. अठ्ठावीस तारखेपर्यंत फ्लॅट धरून ठेवतो म्हणाला, पुढे नाही. बायको आणि मुलगी पाच एप्रिलला येणार. तिकिटं काढून झाली आहेत, बायकोने राजीनामाही दिलाय. सध्याच्या खोलीत त्यांना आणता येत नाही. घरमालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलंय, एक माणूस, एक गादी, पाहुणे चालणार नाहीत.

थोडक्यात, खातं नाही तर घर नाही. पण खातं उघडणं म्हणजे काय, चहा पिण्याइतकं काम.

४ मार्च, मंगळवार

बँक पाहिली. बाहेरून. काम सुरू करण्याआधी जागेची पाहणी करायची हा आमच्या धंद्यातला नियम आहे.

काचेचं दार, आपोआप उघडतं. दाराशी गार्ड. त्याच्या पट्ट्याला बरंच काय काय लटकतं. मी समोरच्या फुटपाथवरून पाहत होतो, तर तोही माझ्याकडे पाहायला लागला. मी कोणाची तरी वाट बघत असल्यासारखं घड्याळ बघितलं. जरा पुढे गेलो. परत आलो. तो पाहतच होता. मग एकदम लक्षात आलं, बँकेसमोर येरझाऱ्या घालणारा परका माणूस, हातात काळी बॅग. तो काय समजत असेल! तडक खोलीवर आलो. शर्ट पाठीला चिकटला होता. हवा दमट आहे इथली.

बायकोला फोनवर सांगितलं, खात्याच्या कामाला हात घातलाय.

५ मार्च, बुधवार

आज गेलो नाही. पाहणीनंतर एक दिवस विचाराला द्यावा लागतो.

६ मार्च, गुरुवार

आत गेलो!

खरं तर जवळून चाललो होतो, दारच उघडलं. आता उघडलेल्या दारासमोरून निघून जाणं बरं दिसलं नसतं. आत गारवा, गालिचा, आणि सगळे इतक्या हळू बोलतात की आजारी माणसाला भेटायला आल्यासारखं वाटलं. एक हसरी मुलगी पुढे आली, काय मदत करू म्हणाली. रात्रीपासून पाठ केलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं. विचारलं, किती वाजले?

तिने सांगितलं. आभार मानले, बाहेर आलो. तिच्या मागे भिंतभर घड्याळ होतं. माझ्या मनगटावरही होतं.

तरी फेरी फुकट गेली नाही. जाताजाता माहितीपत्रक उचललं. पासपोर्ट, ऑफिसचं पत्र, आणि सही तिथे, अधिकाऱ्यासमोर करायची.

समोर.

७ मार्च, शुक्रवार

सहीचा विचार करतोय. माझी सही मराठीत. शाळेत असताना बसवली होती. शेवटच्या अक्षराची शेपटी मागे न्यायची, शिरोरेघेत अडकवायची, खाली दोन टिंबं. आपल्याकडे लोक कौतुक करायचे. सासऱ्यांनी लग्नाच्या वेळी ही सही पाहून मुलगा टापटिपीचा दिसतो असं म्हटलं होतं.

पण इथे? अधिकारी ती उलटी धरतील, सुलटी धरतील. म्हणतील, हे काय नक्षीकाम? मग चौकशी. मग गार्ड. मग आतल्या खोलीत चला. तिथून पुढे काय होतं ते मला माहीत नाही, म्हणूनच ते सारखं डोळ्यांसमोर येतं.

निश्चय: आंतरराष्ट्रीय सही बसवायची. इंग्रजीत. नव्या देशात नवा माणूस.

११ मार्च, मंगळवार

सराव जोरात. पहिलं अक्षर मोठं, पुढे नुसती लाट, शेवटी एक बेफिकीर फटकारा. मोठमोठ्या कंपन्यांच्या साहेबांच्या सह्या अशाच असतात, वाचता आली की सही कसली?

ऑफिसातही हात चालू ठेवला. साहेबांनी एका लिफ्टच्या अहवालाची मागची बाजू पाहिली आणि विचारलं, हे काय? तोंडातून निघून गेलं, दोराला बसणाऱ्या हेलकाव्यांचा आलेख. साहेबांनी बराच वेळ पाहिला. एवढे हेलकावे बसत असतील तर लिफ्ट बंद करा म्हणाले. केली. त्या इमारतीतली माणसं आज जिन्याने गेली. वाईट वाटलं, पण सुरक्षितता महत्त्वाची.

१३ मार्च, गुरुवार

बँकेची वेळ घेतली. संगणकावरून, म्हणजे कोणाशी बोलावं लागत नाही. सतरा तारीख, सकाळी अकरा.

घरमालकीणबाई रोज सकाळी खालच्या दाराशी उभ्या राहून विचारतात, खातं झालं का? त्यांना भाडं हातात नको, खात्यात हवं. त्यांचा आवाज मोठा आहे, शेजारीही खिडकीत येतात. सध्या जिना उतरताना बूट हातात घेतो. चामड्याचे तळवे लाकडी पायऱ्यांवर फार झिजतात.

बायकोचा फोन. सासरे तिच्याजवळच होते. जावईबापूंना जमतंय ना एकट्याने, असं ते तिला विचारत होते, मला मागून ऐकू आलं. बायको म्हणाली, जमतंय हो बाबा. तिचा माझ्यावर केवढा विश्वास!

१७ मार्च, सोमवार

कोट घातला. वेळेच्या बराच आधी पोहोचलो. पासपोर्ट आतल्या खिशात, पत्र बाहेरच्या खिशात, सही बोटांत.

आणि दाराशी गार्डच वेगळा! आधीच्याची मला सवय झाली होती. हा उंच, मिशा नाहीत, हसत नाही. याची पाहणी झालेलीच नव्हती. समोरच्या बाकावर बसून अंदाज घेतला. अकरा वाजले. सव्वा अकरा झाले. तीनदा उठलो, तीनदा बसलो. शेजारी कबुतरांना दाणे टाकणारे एक आजोबा होते, त्यांनी बरं वाटत नाही का विचारलं. म्हटलं, उत्तम आहे. माझाच आवाज मला बारीक वाटला.

असो. आजची हवाही सहीला अनुकूल नव्हती. बोटं गारठतात.

२० मार्च, गुरुवार

एजंटचा फोन. आणखी एक कुटुंब फ्लॅट बघून गेलं. त्यांचं खातं आहे.

बायकोचाही फोन. मुलीने तिची सायकल खालच्या मजल्यावरच्या मैत्रिणीला देऊन टाकली. पप्पा तिकडे नवीन घेणार आहेत म्हणाली. मी विचारलं, एवढ्यात कशाला दिली? बायको म्हणाली, एवढ्यात म्हणजे? पंधरा दिवसांवर आलंय. मग तिने सरळ विचारलं, काही अडलंय का रे? म्हटलं, छे, फक्त सही बाकी आहे. हे शब्दशः खरं आहे.

फोन ठेवला आणि पलंगावर बसून राहिलो. तिकडचं रिकामं घर, भरलेल्या बॅगा, विमानतळावर उभ्या त्या दोघी, आणि त्यांना न्यायला माझ्याकडे ही एक गादी. खरंच भीती वाटली. आज ती इथे लिहून ठेवतो, उद्या खोडेन.

नवीन वेळ घेतली. चोवीस.

२४ मार्च, सोमवार

गेलो. बसलो. अगदी खुर्चीत.

समोर चष्म्याच्या बाई, माझ्या थोरल्या वहिनीच्या वयाच्या. शांतपणे सगळं तपासत होत्या. पत्र ठीक. फोटो ठीक. मी मनात म्हटलं, उगाच घाबरलो, म्हणजे घाबरलो असतो तर उगाच घाबरलो असतो. त्यांनी एक काचेची पाटी पुढे सरकवली, प्लास्टिकचं पेन दिलं, सही करा म्हणाल्या. मी केली. आयुष्यातली सर्वोत्तम आंतरराष्ट्रीय सही. तो शेवटचा फटकारा तर पाहण्यासारखा होता.

बाईंनी पाहिली. पासपोर्ट पाहिला. पुन्हा सही पाहिली. मग पासपोर्ट हळूच माझ्याकडे फिरवला.

तिथे माझी सही. मराठी. शेपटी, शिरोरेघ, दोन टिंबं.

पासपोर्टवर सही असते हे मला माहीत होतं. ती माझीच असते हे लक्षात आलं नव्हतं.

बाई म्हणाल्या, काही हरकत नाही, अशी करा. मराठीत का, असं त्यांनी विचारलंही नाही. त्यांना काहीच वाटलं नाही! मी पेन उचललं. इतक्या दिवसांच्या सरावाने पहिलं अक्षर इंग्रजी आलं, दुसरं मराठी, शेपटी पाटीच्या बाहेर गेली. लाल दिवा. पुन्हा. या वेळी शिरोरेघ इतकी वाकडी की अक्षरं तिच्यावरून घसरायला लागली. लाल दिवा. ज्या माणसाला स्वतःची सही करता येत नाही तो माणूस कोण असतो? चोर असतो. मला वाटलं, बाईही तोच विचार करताहेत. त्यांनी पाणी दिलं. ते कोटावर सांडलं.

बुधवारी या म्हणाल्या, घरी शांतपणे करून बघा.

निघताना त्या उंच गार्डने दार धरलं आणि बस मिळेल ना, असं विचारलं. त्याचा आवाज मऊ आहे.

२५ मार्च, मंगळवार

खोलीवर मराठी सही करून पाहिली. एकदम हुबेहूब. पुन्हा केली. हुबेहूब. डोळे मिटून केली, तीही हुबेहूब. म्हणजे दोष पाटीत होता. काचेवर कोणाचाही हात घसरणार. बाईंना उद्या नम्रपणे सांगायला हवं.

बायकोला म्हटलं, उद्या सकाळी झालंच समज.

२६ मार्च, बुधवार

उद्या सकाळी झालंच समज, असं काल म्हणालो होतो. आता नोंद करायला बसलोय.

बाईंसमोर बसेपर्यंत सगळं ठीक. पेन हातात आलं आणि पुन्हा तेच. बाईंनी आज पाटीऐवजी कागद दिला, म्हणजे पाटीचा दोषही गेला. कागदावर सही केली. ती सही माझ्या मुलीने बालवाडीत केली असती तरी तिथल्या शिक्षिकेने नापास केली असती. दुसरी केली. तिसरी केली. मागे लोक थांबले होते. मला वाटलं, आता रडू येईल, आणि ते बँकेत चालत नसेल.

बाईंनी कागद बाजूला घेतला. जरा पुढे वाकल्या आणि अगदी हळू, कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाल्या, काही ग्राहकांना लिहिता येत नाही, त्यांच्यासाठी एक सोय आहे. आपल्याला चालेल का?

मी बी.ई. मेकॅनिकल. प्रथम श्रेणी. मान डोलावली.

त्यांनी यंत्र पुढे केलं. अंगठा ठेवला, तर घामाने तोही निसटला. बाईंनी टिश्यू पेपर काढला, माझा अंगठा धरून पुसला, आणि स्वतः दाबून ठेवला. हिरवा दिवा.

आमच्या घराण्यात अंगठा लावणारे पणजोबा शेवटचे. आजोबा सही शिकले, वडिलांनी हायस्कूलमध्ये शिकवलं, आणि मी विमानाने इतक्या लांब येऊन घराण्याला पुन्हा अंगठ्यावर आणून ठेवलं.

पण खातं उघडलं! उठणार, तेवढ्यात बाई म्हणाल्या, एक गोष्ट आहे. सहीची नोंद नाही, म्हणून मोठी रक्कम फोनवरून पाठवता येणार नाही. दर वेळी स्वतः यायचं, माझ्यासमोर अंगठा लावायचा. उद्या डिपॉझिट. पुढे दर महिन्याला भाडं.

दर महिन्याला.

संध्याकाळी बायकोला फोन केला. खातं उघडलं म्हटल्यावर मागे मुलगी ओरडली, सासूबाई देवाला हात जोडायला गेल्या. बायकोने विचारलं, सही जमली शेवटी? म्हटलं, सही आता मागे पडली, इथे बायोमेट्रिक आहे. शिवाय बँकेत आपली चांगली ओळख झाली आहे, दर महिन्याला येत जा म्हणाले.

ती म्हणाली, उद्याचा दिवस कसाबसा काढ. पुढच्या महिन्यापासून बँकेत मी येत जाईन तुझ्याबरोबर, घाबरू नकोस.

म्हटलं, घाबरतंय कोण?

आणि लगेच म्हटलं, पण ये.