रंगाचं बाबांना विचार

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. फोनवर बाबांना शब्द सापडत नाहीत आणि मग ते चिडतात, म्हणून त्यांना बोलायला शिकवणाऱ्या बाईंनीच सुचवलं ना, की घरी पत्र पाठवा, ते सावकाश, पुन्हा पुन्हा वाचून दाखवता येतं. तेव्हा हे घे पहिलं. अक्षराला हसायचं नाही.

बातमी अशी, की माझं काम वाढतंय. आतापर्यंत एकाच वसाहतीतल्या लिफ्ट सांभाळत होतो. पुढच्या महिन्यापासून साहेब मोठ्या हॉस्पिटलच्याही देणार म्हणतात. पण दोन्ही जागा शहराच्या दोन टोकांना, आणि लिफ्ट अडकली की आत माणूस असतो, बसची वाट बघत उभं राहून कसं चालेल? म्हणून बाईक घेतोय. गाडी ठरली, अडलंय ते रंगावर. काळा, राखाडी, निळा आणि नारिंगी मिळतो. माझा जोडीदार म्हणतो काळी घे, ग्रीसचे हात लागले तरी कळत नाही. मलाही तेच पटतं. शेवटी इंजिन बघायचं, रंगात एवढं काय आहे?

तरी माहितीपत्रकातलं रंगांचं पान सोबत पाठवतोय. रंगाचं बाबांना विचार. उत्तर नाही दिलं तरी चालेल, पण त्यांना विचारल्याशिवाय आपल्या घरात कधी सायकलची घंटीसुद्धा आली नाही.

लोभ ठेव, आणि अक्षरापायी तो कमी करू नकोस.

तुझा,
ठोंब्या

९ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

अक्षराला हसले नाही. हसायला आधी ते लागायला तर हवं!

बाबांचा उजवा हात अजून जड आहे, पण वॉकर धरून पलंगापासून खुर्चीपर्यंत येतात. शब्दांचं मात्र झटका आल्यापासून आहे तसंच आहे. मनात एक असतं, तोंडातून भलतंच निघतं. परवा पंख्याला चप्पल म्हणाले आणि मी मुकाट्याने चप्पल आणून पायाशी ठेवली. मला हसू आलं, त्यांना नाही. ज्या खेळाच्या मास्तरांच्या एका हाकेने मैदानाच्या पलीकडची पोरं रांगेत यायची, त्यांना साधा पंखा लावून घेता येत नाही! तेव्हापासून काही विचारलं की भिंतीकडे तोंड करतात. हा शर्ट की तो, खिडकी उघडू की लावू, कशालाच हो नाही आणि नाहीही नाही. बाई म्हणतात, हातपाय सुधारतील. हा माणूस काही मागतच नाही, याची मला जास्त काळजी वाटते.

तुझं पत्र मी मशीन थांबवून वाचलं. पडद्यांचं मोठं काम आलंय, खोलीभर कापड पसरलंय. ऐकून झाल्यावर त्यांनी बोटाने खूण केली, पुन्हा वाच. मग ते रंगांचं पान मांडीवर घेऊन कितीतरी वेळ बसले आणि एकदम म्हणाले, संत्रं.

अरे, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी काहीतरी मागितलं! मी गळ्यातली टेपही न काढता बाजारात धावले. सोलून, बिया काढून बशी समोर ठेवली, तर त्यांनी ती बाजूला सारली. दुसऱ्या दिवशी पुन्हा संत्रं. वाटलं, आधीचं आंबट असेल, म्हणून मोठी, गोड बघून आणली. फोड तोंडाशी नेली तर असा हात झटकला की उरलेलं संत्रं गडगडत मशीनखाली. आता घराचं फळांचं दुकान झालंय आणि फोडी खाऊन खाऊन माझे दात आंबलेत. रंगाचं काही बोलले नाहीत. तू आपली काळी घे.

जिवाला जप, आणि उत्तर लवकर धाड.

तुझी,
ताई

१४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काळी नोंदवून टाकली. आठवड्याभरात हातात येईल. जोडीदार आतापासूनच मागच्या सीटवर हक्क सांगतोय.

संत्र्याचं वाचून हसलो आणि मग हसू येईना. त्यांना रस हवा असेल का? की आई असताना अंगणात झाड होतं, ते आठवलं असेल? मी तिथे असतो तर निदान बाजाराच्या फेऱ्या तरी मी मारल्या असत्या. बसने यायचं तर गाड्या बदलता बदलताच सुट्टी संपते, हे तुला माहीत आहे. बाईक आली की येत जाईन, असं रोज मनाला सांगतो.

तुझ्यावर सगळं टाकून बसलोय, तरी लोभ आहे तसाच असू दे.

तुझा,
ठोंब्या

१८ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

हातातलं काम टाक आणि आधी हे वाच. तुझी ताई शुद्ध वेडी आहे.

काल बाई आल्या. कोपऱ्यातली संत्र्यांची रास बघून त्यांनी विचारलं, हे काय? मी सगळं रामायण सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, की ते संत्रं म्हणतात तेव्हा बघतात कुठे. मी म्हटलं, कुठे म्हणजे? त्या कागदाकडे! म्हणता म्हणता माझं मलाच कळलं आणि मी तिथेच कापडाच्या ढिगावर बसले. बाईंनी पान त्यांच्या पुढ्यात धरलं. बाबांनी डाव्या हाताचं बोट नारिंगी गाडीवर ठेवलं आणि खुर्चीच्या हातावर अशी थाप मारली, की मशीनवरची कात्री खाली पडली. संत्रं, संत्रं, संत्रं! त्यांना रंगाचा शब्द सापडत नव्हता रे, म्हणून फळाचा घेतला होता. आणि मी त्यांना फोडी भरवत होते!

बाबा हसले. मग रडले. मग आम्ही तिघंही काय करत होतो ते सांगत नाही. बाईंना सगळी संत्री पिशवीत भरून दिली.

नंतर मी भीतभीत सांगितलं, की तू काळी नोंदवली आहेस. त्यावर ते म्हणाले, नाही. इतका स्वच्छ, जागच्या जागी बसलेला शब्द मी त्यांच्या तोंडून कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. पुढे काय करायचं ते तू ठरव. तुझी गाडी, तुझं काम. माझा आग्रह नाही असं लिहिणार होते, पण खोटं कशाला लिहू?

शहाण्यासारखा वाग, म्हणजे माझ्यासारखा वागू नकोस.

तुझी,
ताई

२४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शोरूममध्ये जाऊन उभा राहिलो आणि म्हटलं, काळी नको, नारिंगी द्या. तिथल्या माणसांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी लिफ्टऐवजी विमान दुरुस्त करतो म्हणालो होतो. नारिंगी तयार नाही, मागवावी लागेल, महिना-सव्वा महिना सहज जाईल, आणि तोवर ही काळी दुसऱ्याच्या दारात उभी असेल. बाहेर येऊन फूटपाथवर बसलो. एका रंगासाठी? खरं सांगतो ताई, तुझा राग आला, बाबांचाही आला. उन्हात हा रंग उडतो म्हणतात, विकायला गेलं तर कोणी विचारत नाही म्हणतात. मग त्यांनी खुर्चीवर मारलेली ती थाप आठवली. पुन्हा आत गेलो.

साहेबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, गाडी नसेल तर हॉस्पिटल तूर्तास दुसऱ्याला देतो, गाडी आली की बघू. मिळेल की नाही, सांगता येत नाही. जोडीदाराने मला मूर्ख म्हटलं, तेही प्रेमाने नाही. असो, नोंदवली.

एक काम कर. हाच रंग का, ते बाबांकडून काढून घे. लांबून दिसावी, कोणी धडकू नये, म्हणून असेल असं मला वाटतं. पण नक्की काय ते कळलं, तर हे वाट बघणं सोपं जाईल.

रागाचं मनावर घेऊ नकोस. लोभाच्या माणसांवरच तो येतो.

तुझा,
ठोंब्या

२ मार्च

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

तुझ्या पत्राने घरात भांडण लागलं. तुझं काम अडलं हे ऐकून बाबा स्वतःवरच चिडले आणि खुणेने म्हणाले, काळी घेऊ दे. मी म्हटलं, आता माघार नाही, कारण सांगा. कारण काढायला अख्खी सकाळ लागली. एकेक शब्द यायचा, चुकीचा असला की ते मान हलवायचे, मी दुसरा पुढे करायचे. शिवण तशीच राहिली. राहू दे.

तर ऐक. त्यांची खुर्ची आता खिडकीशी आहे. तिथून रस्ता पाण्याच्या टाकीजवळच्या वळणापर्यंत दिसतो. दिवसभर तिथून गाड्या येतात आणि बहुतेक सगळ्या काळ्या नाहीतर राखाडी. त्यातली तुझी कुठली, हे ती दारात आल्याशिवाय कळणार नाही. नारिंगी असली, की वळणावरच कळेल तू आलास. आणि मग, ठोंब्या, तू रस्ता संपवून, गाडी लावून, जिने चढून वर येईपर्यंत त्यांना उठायला वेळ मिळेल.

त्यांना उठायला वेळ लागतो ना. दार उघडेल तेव्हा त्यांना तुला खुर्चीत बसलेलं दिसायचं नाहीये. उभं राहायचंय.

रोज सकाळी सराव चाललाय. मी खिडकीतून ओरडते, आला! आणि ते वॉकर ओढतात. शेजारचे विचारतात, कोण आलं?

सावकाश ये, पण ये.

तुझी,
ताई

७ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोहोचलो. चार घास जास्त खाऊ घातल्याने गाडीला चढण जड गेली, दोष तुझा.

तू पडदे पोहोचवायला गेली होतीस, म्हणून तुला ठाऊक नाही, आणि नंतर बाबांसमोर मला सांगता येईना. वाटेत रस्त्याचं खोदकाम होतं. टाकीजवळ आलो तेव्हा गाडी चिखलाने अशी माखलेली, की नारिंगी कुठे शोधूनही सापडू नये. तिथल्या नळावर थांबलो. फडकं नव्हतं, अंगातला शर्ट काढला आणि पुढून मागून सगळी पुसून काढली. नळावरच्या बायका बघत होत्या. मग ओलाच शर्ट घालून वळणावर गाडी आडवी लावली, म्हणजे खिडकीतून पूर्ण दिसेल, आणि उगाचच इंजिन तपासत बसलो.

जिने सावकाश चढलो. दाराशी आलो तर आतून वॉकर घासल्याचा आवाज येत होता. थोडा, मग थांबायचा, मग पुन्हा थोडा. बेलवर बोट ठेवून मी तसाच उभा. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला आपण बाहेरून सांगतो ना, घाबरू नका, मी इथेच आहे, तसं सांगावंसं वाटलं. नाही सांगितलं. आवाज पूर्ण थांबल्यावर बेल वाजवली.

ताई, बाबा एवढे उंच आहेत, हे मी विसरूनच गेलो होतो.

कामाचं म्हणशील, तर साहेबांनी हॉस्पिटलच्या अर्ध्या लिफ्ट मला दिल्यात, उरलेल्या पुढे बघू म्हणाले. अर्ध्या तर अर्ध्या. तिथे सगळे मला नारिंगीवाला म्हणतात. जोडीदार आता तीच गाडी मागायला येतो.

लोभ तुमचा दोघांचा आहे, तो असाच राहू दे.

तुझा,
ठोंब्या

१५ एप्रिल

चि. धाकट्या,
आशीर्वाद.

डाव्या हाताने लिहितोय. ताई मदत करते म्हणाली. नको म्हटलं.

गाडी चांगली. मागच्या चाकात हवा कमी वाटली. बघून घे. पळवू नकोस.

मी जिना शिकतोय. काल अर्धा उतरलो. ताई ओरडली. आज पुन्हा उतरलो.

पुढच्या वेळी वर येऊ नकोस. खाली थांब. मी येतो.

बाबा