खिडकीवर माझं नाव घे

सौ. भागीरथास,

जय भीम. मी बरा आहो. पाठ थोडी दुखते, एवढंच. धान कापून झाला का?

सरकारी मदतीच्या वकील मॅडम जेलात आल्या होत्या. कैद्याले मारायचं नाही, बिछाना द्यायचा, घरच्यांची भेट होऊ द्यायची, असे साऱ्या जगाचे नियम आहेत म्हणे. बिछाना काही अजून आला नाही.

भेटीच्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत वाट पाहून राहिलो होतो. काल शिपाई म्हणाला, "सौंदडची एक बाई आली होती. कोणाले भेटायचं विचारलं, तर नुसतं 'भाग्यश्रीचे बाबा' म्हणून राहिली. परत पाठवली."

मी रागावलो नाही. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हे तुले आईनं शिकवलं. पण इथं भाग्यश्रीचे बाबा कोणी ओळखत नाही. एवढ्या दूर येऊन तू उपाशीच परत गेली असशील.

लग्नात साऱ्यांनी अडवलं तेव्हा एकदाच माझं नाव घेतलं होतं. आता जेलात भेटीच्या खिडकीवर घे. तोंडातून निघतच नसेल तर हे पत्र दाखव.

पण घेतलं तर बरं वाटेल. इथं मले सारे नंबरानंच हाक मारतात.

तुहा,
हिरालाल