मेन स्ट्रीटवरचे प्रौढांचे दुकान आणि माझे इंग्रजी

मी, मीनाक्षी मोरेश्वर बिवलकर, वय वर्षे चौऱ्याहत्तर, निवृत्त शिक्षिका, राहणार मेपल गॅप, नॉर्थ कॅरोलिना, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, चष्मा लावून, कोणाचेही न ऐकता लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी चौथे कलम वाचून मग ठरवावे. याआधीच्या मृत्युपत्रात मी सर्व काही पुतण्या शार्दूल याला दिले होते. ते रद्द समजावे.

१. राहते घर विकावे. येणारी रक्कम आणि बँकेतली शिल्लक, मी जिथे बावीस वर्षे इंग्रजी शिकवले त्या शाळेच्या ग्रंथालयाला द्यावी. माझ्या नावाची पाटी लावायची असल्यास स्पेलिंग आधी कोणालातरी विचारावे.

२. माझे पती कै. मोरेश्वर यांची चित्रांच्या चौकटी कापायची करवत, काच कापायचा हिरा आणि पकडी इथल्या विद्यापीठात शिकणाऱ्या वल्लरी हिला द्याव्यात. ती पीएच.डी. करते, तिला या अवजारांचा उपयोग नाही. पण गेल्या वर्षभरात माझ्याकडे जेवायला येऊन मेन स्ट्रीटचा विषय न काढणारी ती एकटीच.

३. हळदीकुंकवाचे चांदीचे साहित्य मॉरिसव्हिलच्या महाराष्ट्र मंडळाला कोणत्याही परिस्थितीत देऊ नये. जानेवारीत अध्यक्षीणबाई राधिका यांनी मला फोनवर सांगितले, "मावशी, यंदा अगदी छोटंसंच ठेवलंय, घरच्या घरी." फोटोत मी ऐंशी बायका मोजल्या. साहित्य मोडीत घालावे.

४. मेन स्ट्रीटवरील इमारत. हिच्याविषयी खरे मी इथे पहिल्यांदाच लिहीत आहे.

नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये मधल्या सुट्टीत मराठी बोलले म्हणून सिस्टरने माझ्या तळहातावर पट्टी मारली होती. तेव्हाच ठरवले की माझ्या घरात कोणी इंग्रजी शब्द काढायचा नाही. शार्दूल शिकायला आमच्याकडे राहिला तोही याच नियमाने. तो फ्रिजला शीतकपाट म्हणायचा आणि स्वतःच हसायचा.

मोरेश्वर गेल्यावर या इमारतीतले त्यांचे चौकटींचे दुकान रिकामे पडले. भाडेकरू शोधायचे काम शार्दूलने घेतले. एक दिवस त्याचा फोन आला, "काकू, रोंडा नावाच्या बाई जागा मागतायत. प्रौढांसाठीच्या वस्तूंचं दुकान काढायचंय."

प्रौढ म्हटल्यावर मला प्रौढ साक्षरता वर्ग आठवले. माझ्या डोळ्यांसमोर काठ्या, वॉकर, गुडघ्याचे पट्टे आणि मोठ्या अक्षरांची पुस्तके आली. शरदात डोंगरातली पाने रंगली की ती बघायला इथे बस भरभरून म्हातारे येतात. मी म्हणाले, "फार चांगली कल्पना आहे. या गावाला गरज होती." तो जोरात हसला. मग म्हणाला, "काकू, तू भारी आहेस." टॅबलेटवर बोटाने सही करून मी मोकळी झाले. वाचले नाही. बावीस वर्षे मुलांना सांगितले, आधी वाचा.

'अ‍ॅडल्ट स्टोअर' अशी पाटी लागली तेव्हा कळले. त्या काचेमागचे गुलाबी रबर मला आजही किळसवाणे वाटते, हे नोंदवून ठेवते.

मग अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये गावाची सभा झाली. फज नावाच्या मिठाईचे दुकान चालवणारा वेन बायबल घेऊन उभा राहिला. त्याच्या काचेत स्तनांच्या आकाराचे कॉफीचे मग बारा महिने असतात. तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, तुमच्या लोकांत तरी कुटुंबाला किंमत असेल असे वाटले होते. चव्वेचाळीस वर्षांत यांनी मला चहाला बोलावले नाही.

नगरपालिकेच्या वकिलाने गोड हसून एक कागद पुढे सरकवला. पुरेसे इंग्रजी येत नसल्यामुळे मी न समजता सही केली, एवढे लिहून दिले की भाडेकरार रद्द, दुकान बंद आणि मी निर्दोष. मी कागद हातात धरून होते, तोच शार्दूलने माइक घेतला आणि सांगितले, "सर, माय आंटी डझन्ट रिअली अंडरस्टँड इंग्लिश."

सगळ्या माना कणवेने डोलल्या. त्यांतल्या निदान तीस डोक्यांत अर्धविराम मी घातला होता.

मी उभी राहिले आणि इंग्रजीत म्हणाले की करारातला शब्दन् शब्द मला कळला होता आणि मी राजीखुशीने सही केली. हे खोटे होते. चूक झाली ती मराठीत. पण ते त्या हॉलमध्ये कोणाला समजावणार? नगरपालिकेने पाटीची अक्षरे लहान करायला लावली आणि विषय संपवला. तेव्हापासून मी गावात आणि मंडळात ती तसल्या दुकानाची बाई आहे.

गाडीत शार्दूल म्हणाला, "काकू, मी तुला वाचवत होतो यार."

"कशापासून?"

"लोकांपासून."

त्यानंतर मी त्याच्याशी बोललेले नाही.

५. तरीही इमारत शार्दूललाच मिळावी, पण एका अटीवर. माझ्या मृत्यूनंतर नव्वद दिवसांत त्याने त्याच हॉलमध्ये, गावाच्या सभेत नागरिकांना बोलायला मिळतात त्या तीन मिनिटांत, माइकवरून इंग्रजीत सांगावे की काकूला उत्तम इंग्रजी येत होते, तो खोटे बोलला, आणि घोटाळा त्याच्या मराठी शब्दाचा व तिने न वाचता केलेल्या सहीचा होता. "प्रौढ" शब्दाचा अर्थ त्यांना नीट समजावून सांगावा. वेळ पुरेल. रोंडाचा करार मुदतीपर्यंत पाळावा. सही माझी आहे.

त्याला लाज वाटली आणि तो गेला नाही, तर इमारत रोंडाच्या मालकीची होईल. मग पाटीवर किती मोठी अक्षरे काढायची ते तिने ठरवावे. वेनने ही अट वाचून शार्दूलला सभेला स्वतःच्या गाडीतून न्यावे, असे सुचवते.

व्यवस्थापक म्हणून अबोली पारसनीस, वकील, यांना नेमते.

सही: मीनाक्षी मोरेश्वर बिवलकर

साक्षीदार: आम्हा दोघांना या मृत्युपत्रातून काहीही मिळणार नाही. मीनाक्षीताईंनी हे आमच्यासमोर मराठीत वाचून सही केली. नंतर कागद पालथा ठेवून त्यांनी सगळे पहिल्यापासून इंग्रजीत सांगितले. कुठेही अडल्या नाहीत. आमच्याच इंग्रजीतली एक चूक सुधारली.

१. गुरुनाथ देवस्थळी
२. शैलजा देवस्थळी

मेपल गॅप, नॉर्थ कॅरोलिना
९ ऑक्टोबर २०२५