मैना अजून निंबोल्याला का आली नाही

तीर्थस्वरूप दादांना लोधीपुऱ्याहून धाकट्या वसंताचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? तुमच्या निंबोल्याच्या मळ्यासाठी ठरलेली कुत्री अजून का पाठवली नाही, असं तुम्ही फोनवर रागावून विचारलंत. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून हे पत्र.

केळीच्या लिलावाच्या आवारात मैना सापडली, तेव्हा तिच्या अंगावर केस कमी आणि गोचिडीच जास्त होत्या. आमच्या जनावरांच्या डॉक्टर अश्विनीबाईंचा कायदा असा, की औषधी आंघोळ, जंतांचं औषध, रेबीजची लस आणि नसबंदीचं ऑपरेशन झाल्याशिवाय कुत्री कोणाच्या दारात कायमची जाणार नाही; तोवर ती आमच्याकडे. पहिल्याच दिवशी मैनेने बाईंच्या हातमोज्यात दात रुतवले, तर बाईंनी दात मजबूत आहेत म्हणून तिचं कौतुक केलं. (मी असतो तर आठवडाभर गल्लीत हात दाखवत फिरलो असतो.)

ऑपरेशनला पोट रिकामं हवं, हे बाईंनी आमच्या सौ. शारदेला बजावलं होतं. तिनेही आदल्या रात्रीपासून पोळीचा तुकडा दाखवला नाही. पण निघताना उंबऱ्यावर मैनेला दहीसाखर चाटवली. आमच्या रोहितला प्रत्येक परीक्षेला दिली, मग ही ऑपरेशनला जाते तर हिला का नको? टेबलावर मैनेच्या मिशा पांढऱ्या दिसल्या.

“खाली पेट आणा म्हटलं होतं नं काकू! भूल दिल्यावर उलटी झाली तर जान जाईल हिची.”

“मी खायला कुठं दिलं बाई? शकुन केला फक्त.”

बाई रागावल्या नाहीत. पुढची तारीख दिली आणि सांगितलं, शकुन हवाच तर कुंकू लावा. (लावलं. मैनेने ते माझ्या शर्टाला पुसलं.)

दुसऱ्या खेपेस शारदा म्हणाली, ही उपाशी असताना हिच्यासमोर आपण कसं जेवायचं? त्यामुळे घरात गॅसच पेटला नाही. चहासुद्धा नाही, दादा! दवाखान्याच्या बाकावर मला घेरी आली. बाईंनी मैनेला टाके घातले, हात धुतले, मला ग्लुकोजचं पाणी पाजलं आणि तिच्याशेजारीच सतरंजीवर आडवं केलं. मैनेने डोळे उघडले ते माझ्याकडे बघतच, आणि शेपटीचं टोक हलवलं. खरं सांगतो, मला रडू आलं. बाई तोवर पुढच्या कुत्र्याच्या कानात बॅटरी धरून बसल्या होत्या. अशी माणसं आपल्या बऱ्हाणपुरात आहेत, याचा मला फार अभिमान वाटतो.

वहिनींना नमस्कार.

तुमचा,
वसंत

ता. क. टाके सुकले, मैना आता निघायला मोकळी आहे. कुत्री कुठे झोपणार, हे विचारायला बाई तुम्हाला फोन करतील. दिवसरात्र मळ्यात साखळीला, असं सांगा. तुम्ही तसं कधी करणार नाही, हे मला ठाऊक आहे; पण धाकट्या भावासाठी एवढं खोटं बोला. त्या लगेच नकार देतील आणि मैना इथेच राहील. शारदेला मात्र कळू देऊ नका. तिने तुम्हाला शब्द दिलाय.

ता. क. दादा, शारदेचा नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. बाईंचा फोन येणार नाही. दादांनी दुसरी कुत्री आणली, असं मी त्यांना कालच सांगून टाकलं. तेवढी आता आणा.